रुंद टायरला रिम किती रुंद? ऑफ-रोड गाड्यांसाठी मापांचा मेळ

चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी घरी आली की मालकाचा पहिला बदल बहुधा टायरांचा असतो. कंपनीने दिलेले टायर अंगाने बारीक वाटतात, त्यांची नक्षी फारशी खोल नसते आणि छायाचित्रांत पाहिलेल्या गाड्यांचे टायर मात्र मडगार्डच्या बाहेर डोकावत असतात. दुकानात गेल्यावर मग एकच प्रश्न विचारला जातो : हा टायर माझ्या रिमवर बसेल का? दुकानदार ‘बसेल’ म्हणतो आणि ते खोटेही नसते. रबराला लवचीकपणा असल्याने टायर त्याला नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा अर्धा इंच अरुंद किंवा रुंद रिमवरही चढतो, हवा धरतो आणि गाडी दुकानातून निघून जाते. मात्र रिमवर चढणे आणि रिमशी जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक डांबरी रस्त्यावर महिनोन्महिने जाणवत नाही. टायरमधील हवा कमी करून गाडी एखाद्या तिरक्या उतरणीवर वळू लागते, तेव्हा तो एकदम समोर येतो.

भारतात महिंद्रा थार, फोर्स गुरखा आणि २०२३ मध्ये विक्रीला आलेली मारुती सुझुकी जिम्नी या गाड्यांमुळे आडवाटेची हौस मोठ्या वर्गापर्यंत पोहोचली. तिच्याबरोबर रुंद टायरांची मागणीही वाढली. रिमच्या रुंदीविषयीची माहिती मात्र त्या वेगाने पसरलेली नाही. याचे एक साधे कारण असे की, टायरची रुंदी टायरवर ठळक अक्षरांत छापलेली असते. त्याला कोणत्या रुंदीची रिम चालते, हे बहुतेक टायरांवर कोठेही लिहिलेले नसते.

टायरवरील आकडे आणि रिमवरील आकडे

जिम्नीवर कारखान्यातून येणाऱ्या टायरचे माप १९५/८० आर १५ असे आहे. यातील १९५ हा आकडा टायरच्या सर्वांत फुगीर भागाची मिलिमीटरमधील रुंदी दर्शवतो. ही रुंदी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची असते. रस्त्याला टेकणारा नक्षीचा पट्टा, म्हणजे ट्रेड, त्याहून अरुंद असतो. ८० हा आकडा उंचीचा : टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास.

अमेरिकी पद्धतीच्या ऑफ-रोड टायरांवर वेगळी भाषा असते. ३१×१०.५० आर १५ या मापात टायरचा एकूण व्यास ३१ इंच, रुंदी साडेदहा इंच आणि रिमचा व्यास १५ इंच, असा सरळ हिशेब असतो. जुन्या जीपांवर चालणारे ६.००-१६ हे माप त्याहून आधीच्या काळातले. त्यात रुंदी इंचांत दिलेली असते, उंचीचे गुणोत्तर दिलेलेच नसते.

रिमवर १५×५.५ जे असे काहीसे कोरलेले किंवा ओतलेले आढळते. १५ हा व्यास, ५.५ ही इंचांतील रुंदी आणि ‘जे’ हे रिमच्या काठाच्या घडणीचे चिन्ह. येथे एक चूक नेहमी होते. हौशी मालक रिम जमिनीवर ठेवून बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत टेप लावतात आणि साडेसहा इंचांच्या आसपासचा आकडा पाहून रिम रुंद असल्याचा आनंद मानतात. रिमची रुंदी मोजायची ती दोन्ही काठांच्या आतल्या अंगाने, जेथे टायरची कड टेकते तेथून. बाहेरचे माप यापेक्षा साधारण एका इंचाने जास्त भरते. हा एक इंच पुढच्या सगळ्या हिशेबात निर्णायक ठरतो, त्यामुळे टेपपेक्षा रिमवर उमटवलेल्या आकड्यावर विसंबणे अधिक सुरक्षित.

प्रमाण रिम म्हणजे काय

टायर ही स्वतःचा आकार कायम ठेवणारी वस्तू नाही. त्याच्या दोन्ही कडांना पोलादी तारांचे घट्ट कडे असते. या कडेला व्यवसायात बीड म्हणतात. हवा भरली की बीड रिमच्या काठाला आतून दाबून बसते आणि या दोन कडांमधला टायर कमानीसारखा फुगतो. दोन कडा एकमेकींपासून दूर नेल्या की कमान पसरते, जवळ आणल्या की आखडते. त्यामुळे १९५ किंवा २३५ हा आकडा छापताना तो कोणत्या रुंदीच्या रिमवर मोजला, हे ठरवून घ्यावे लागते. अशा ठरवलेल्या रिमला प्रमाण रिम म्हणता येईल. प्रत्येक मापासाठी अशी एक रिम आणि तिच्या अलीकडे-पलीकडे चालू शकणाऱ्या रिमांची किमान व कमाल रुंदी, असा तक्ता मानक संस्था प्रसिद्ध करतात. युरोपात ईटीआरटीओ, अमेरिकेत टायर अँड रिम असोसिएशन, जपानमध्ये जाटमा आणि भारतात इंडियन टायर टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटी, म्हणजे ‘इटॅक’, हे काम करते. टायर कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतही हाच तपशील असतो.

प्रमाण रिमचा अंदाज मनातल्या मनात करता येतो. उंच बाजूच्या टायरांत, म्हणजे गुणोत्तर ७५ किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा, प्रमाण रिम टायरच्या रुंदीच्या सुमारे ७० टक्के असते; गुणोत्तर ६५ च्या आसपास असेल तर सुमारे ७५ टक्के. येणारा आकडा जवळच्या अर्ध्या इंचाला नेला की उत्तर मिळते. १९५ चे ७० टक्के म्हणजे साधारण १३७ मिलिमीटर, इंचांत ५.४, म्हणून प्रमाण रिम साडेपाच इंचांची. जिम्नीची कारखान्यातील रिमही नेमकी तेवढीच आहे. २३५/७५ आर १५ साठी हाच हिशेब साडेसहा इंचांवर येतो.

हा ठोकताळा इंचांत मापलेल्या टायरांना मात्र लागू पडत नाही. ३१×१०.५० आर १५ ची प्रमाण रिम साडेआठ इंचांची असते आणि चालणारी मर्यादा सात ते नऊ इंच. म्हणजे येथे प्रमाण रिम मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ आहे, मध्यावर नाही. म्हणून ठोकताळा दुकानात उभे असताना उपयोगी पडला, तरी पैसे मोजण्यापूर्वी त्या मापाचा तक्ता पाहावाच.

रिम बदलल्यावर टायरची रुंदी किती बदलते, याचेही गणित ठरलेले आहे. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे पाच मिलिमीटरने रुंद होतो. अरुंद केली की तेवढाच आखडतो. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे तर चार सुतांच्या बदलामागे दीड सूत. साडेदहा इंची टायर त्याच्या किमान मर्यादेच्या, म्हणजे सात इंची रिमवर बसवला तर त्याची प्रत्यक्ष रुंदी दहा इंचांच्या खाली उतरते. त्यामुळे एकाच मापाचे दोन टायर दोन गाड्यांवर वेगळे दिसतात, यात कारखान्याचा दोष नसतो.

जिम्नीचे उदाहरण

हा सर्व हिशेब जिम्नीवर चांगला उलगडतो, कारण तिची रिम अरुंद आहे आणि मालकांची नजर नेमक्या दोन मापांवर असते : २१५/७५ आर १५ आणि २३५/७५ आर १५.

यांतील पहिल्या मापासाठी साडेपाच ते सात इंचांची रिम चालते. प्रमाण रिम सहा इंचांची. कारखान्याची साडेपाच इंची रिम या मर्यादेच्या खालच्या टोकावर, पण मर्यादेच्या आत बसते. टायर छापील रुंदीपेक्षा पाचेक मिलिमीटरने आखडेल, एवढेच. एकूण व्यास मूळच्या ६९३ मिलिमीटरवरून सुमारे ७०४ वर जातो. वेगदर्शकात दीड टक्क्याचा फरक पडतो, तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे.

दुसऱ्या मापाची किमान रिम सहा इंचांची. कारखान्याची रिम येथे अर्ध्या इंचाने मर्यादेबाहेर पडते. तरीही हे माप मूळ रिमवर चढवलेले दिसते आणि चढवणाऱ्याला प्रथमदर्शनी काही वावगे वाटत नाही. हिशेब मात्र बोलका आहे. प्रमाण रिम साडेसहाची असताना साडेपाचची वापरली, तर टायर सुमारे दहा मिलिमीटरने आखडतो. म्हणजे २३५ चे पैसे मोजून मालक २२५ चा टायर घेऊन जातो. शिवाय त्या टायरचे वजन अधिक, व्यास ७३३ मिलिमीटरच्या पुढे, आणि वेगदर्शक ताशी १०० किलोमीटर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात जवळपास १०६ च्या वेगाने धावत असते. मूळ टायरवर काटा बरोबर होता, असे धरले तरच हा आकडा, अन्यथा थोडा कमी, कारण वेगदर्शक बहुधा कारखान्यातूनच किंचित जास्त वेग दाखवणारे असतात.

ज्याला २३५ हेच माप हवे आहे, त्याने टायरबरोबर रिमही बदलली पाहिजे, हा या तक्त्याचा सरळ अर्थ. किमतीचा अंदाज बांधताना चार टायरांऐवजी पाच टायर आणि पाच रिमा धराव्या लागतात. पाचवे चाक का, हे पुढे येईल.

रिम फार अरुंद, रिम फार रुंद

मर्यादेपेक्षा अरुंद रिमवर टायरच्या दोन्ही बाजू रिमच्या काठांवरून बाहेर लोंबतात आणि ट्रेडचा मधला भाग उंचावतो. भार मध्यावर एकवटतो, मधली नक्षी लवकर झिजते आणि ओल्या रस्त्यावर टायरचे खांदे पुरेसे टेकत नाहीत. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा प्रतिसाद देते, कारण आधी बाजू वाकतात आणि मग चाक दिशा घेते. उंच बाजूच्या टायरमध्ये हे अधिक जाणवते. महामार्गावर भरल्या गाडीने लांबचा पल्ला गाठताना हे सततचे वाकणे उष्णतेत रूपांतरित होते, आणि टायरचे अंतर्गत थर सुटण्यास उष्णतेइतके दुसरे कारण क्वचितच असते.

मर्यादेपेक्षा रुंद रिमवर उलट घडते. बाजू ताणल्या जातात, जवळजवळ सरळ उभ्या राहतात. वळणावर गाडी घट्ट वाटते, त्यामुळे शहरातील रस्त्यांवर हा बदल मालकाला आवडतोही. मात्र ताणलेल्या बाजूला लवण्यासाठी जागा उरत नाही. खड्ड्याचा धक्का ती गिळू शकत नाही आणि तो रिमवर, तेथून सस्पेन्शनवर जातो. बीडवर बाजूने येणारा ताणही वाढतो. सर्वांत मोठी अडचण डोळ्यांना दिसणारी आहे : टायरचा फुगवटा रिमच्या काठाच्या आत राहतो आणि रिमचा काठ उघडा पडतो. सह्याद्रीतील ओढ्याच्या पात्रात किंवा लडाखच्या दगडगोट्यांच्या वाटेवर पहिला घाव त्या काठावर बसतो. काठ वाकला की बीड आणि रिम यांच्यामधली हवाबंद जागा सैल होते. पोलादी रिम हातोड्याने कशीबशी सरळ करून पुढे जाता येते. अलॉय रिमला तडा गेला तर तोही मार्ग बंद होतो.

हवा कमी केल्यावर

रस्त्याच्या गाडीसाठी प्रमाण रिम किंवा तिच्याहून जराशी रुंद रिम हा उत्तम पर्याय मानला जातो. आडवाटेच्या गाडीबाबत निवड मर्यादेच्या खालच्या अर्ध्यात सरकते. अनेकांना हे उलटे वाटते, कारण रुंद टायरचे आकर्षण रुंद रिमकडे आपोआप घेऊन जाते.

याचे मूळ हवेच्या दाबात आहे. डांबरावर तीस पौंडांच्या आसपास हवा घेऊन चालणारी गाडी जैसलमेरच्या वाळूत उतरली की चालक ती अर्ध्यावर, पंधरा ते अठरा पौंडांवर आणतात. दाब उतरला की टायर जमिनीवर पसरतो. तो रुंदीत थोडा आणि लांबीत पुष्कळ पसरतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट ठसा उमटतो आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी तीवर तरंगते. दगडांच्या वाटेवर हाच मऊ झालेला टायर गोट्याभोवती लपेटला जातो आणि पकड मिळते. आडवाटेवरील टायरची बहुतेक करामत ही अशी त्याच्या बाजूंच्या लवचीकपणात असते. रुंद रिमवर ताणलेल्या बाजू ही लवचीकता गमावून बसतात.

दुसरा प्रश्न बीडचा. बीडला रिमवर धरून ठेवणारी मुख्य शक्ती आतील हवेची. रिमच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा असतो, तो बीडला आत घसरण्यापासून काही प्रमाणात अडवतो. पण खरा आधार दाबाचाच. दाब निम्म्यावर आला की आधारही निम्म्यावर येतो. त्या स्थितीत गाडी तिरक्या चढावर वळली, चाक दगडाच्या खाचेत अडकले किंवा वाळूच्या कडेवरून आडवी घसरली, तर बाजूने बसणारा ताण बीडला रिमवरून खेचतो. एका क्षणात सगळी हवा निघून जाते, रिमचा काठ जमिनीत रुततो आणि उतारावर असलेली गाडी त्या चाकावर कलते. गाडी उलटण्याचा धोका येथून सुरू होतो. बाजूंना पुरेसा सैलपणा असेल तर आडव्या धक्क्याचा बराच भाग त्या वाकून सोसतात आणि बीडवरचा ताण कमी राहतो. ताणलेल्या टायरमध्ये धक्का थेट बीडपर्यंत जातो. मर्यादेच्या आतील अरुंद रिमवर टायर काठाच्या बाहेर फुगलेला असल्याने दगडाचा मार आधी रबरावर येतो, हा त्याच निवडीचा आणखी एक लाभ.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचा कलही असाच दिसतो. टोयोटा फॉर्च्युनरच्या काही प्रकारांवर येणाऱ्या २६५/६५ आर १७ या टायरला साडेसात ते साडेनऊ इंचांची रिम चालते. प्रमाण रिम आठ इंचांची. कंपनी देते साडेसात इंचांची, म्हणजे मान्य मर्यादेतील सर्वांत अरुंद. बाजारात याच गाडीसाठी नऊ इंचांच्या रिमा आकर्षक रंगांत मिळतात आणि तक्त्यानुसार त्या मर्यादेतही बसतात. परंतु त्या घेणारा मालक कंपनीने निवडलेल्या टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जात आहे, एवढे त्याला माहीत असावे. साडेबारा इंची टायर वापरणारे अनुभवी चालकही दहा इंचांच्या प्रमाण रिमऐवजी साडेआठ किंवा नऊ इंचांची रिम पसंत करतात. त्या टायरची मान्य मर्यादा साडेआठ ते अकरा इंच आहे.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो बर्फाचा. आइसलँडमधील हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे टायर आणि बारा इंच वा त्याहून रुंद रिमा लावतात व हवा अगदी थोड्या पौंडांवर आणतात. तेथे दगड चुकवायचे नसतात. भुसभुशीत बर्फावर गाडीचे वजन शक्य तेवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरवायचे असते. २००७ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमासाठी आइसलँडच्या तंत्रज्ञांनी सिद्ध केलेल्या टोयोटा हायलक्स कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रावरून चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मध्ये नोंदलेल्या स्थानापर्यंत गेल्या, त्या ३८ इंची टायरांवरच. भारतातील वाळू, चिखल आणि दगड यांना तो धडा लागू करणे चुकीचे ठरेल.

फारच कमी दाबावर चालायचे असेल तर बीडलॉक प्रकारची रिम वापरतात. तीत बाहेरील बाजूची बीड एका वेगळ्या कड्याखाली दाबून ते कडे अनेक बोल्टांनी आवळलेले असते. त्यामुळे बीड हवेच्या दाबावर अवलंबून राहत नाही. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या चिखल-पाण्याच्या स्पर्धांत अशा रिमांचे प्रयोजन आहे. रोजच्या वापरात त्या त्रासदायक ठरतात : बोल्ट वरचेवर तपासावे लागतात, चाकाचा तोल साधणे कठीण जाते आणि बहुतेक उत्पादक स्वतःच त्या केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी असल्याचे सांगतात. बाजारात बीडलॉकसारखे दिसणारे शोभेचे बोल्ट लावलेल्या रिमाही विकल्या जातात. त्यांचा बीड धरण्याशी काहीही संबंध नसतो.

रिम रुंद झाली की चाक कोठे सरकते

रुंदी जुळली तरी काम संपत नाही. रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला टेकण्याची जागा किती आत वा बाहेर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात आणि ते रिमवर ‘ईटी’ या अक्षरांनंतर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट अधिक ५ आहे. समजा तिच्या जागी सात इंच रुंदीची, वजा ५ ऑफसेटची रिम लावली. रुंदी दीड इंचाने वाढली, त्यातील निम्मा भाग, म्हणजे १९ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला जातो. ऑफसेटमधील १० मिलिमीटरचा फरक संपूर्ण चाक बाहेर ढकलतो. परिणामी बाहेरचा काठ २९ मिलिमीटर बाहेर येतो आणि आतला काठ ९ मिलिमीटर आत सरकतो. बाहेर आलेला टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बंपरच्या कोपऱ्याला घासू शकतो. आत सरकलेला सस्पेन्शनला. बाहेर सरकलेल्या चाकाचा भार हबच्या बेअरिंगवर अधिक तरफेने पडतो, स्टिअरिंग जड होते आणि पावसाळ्यात गाडीच्या दारांवर चिखलाचे फवारे उडू लागतात. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. कोकणातील चार महिने त्याविषयी वेगळे मत देतील.

जुन्या जीपांच्या काळात पोलादी रिम मधोमध कापून, पट्टी जोडून, वेल्डिंगने रुंद करून देणारे कारागीर होते आणि काही ठिकाणी आजही आहेत. त्यांच्या हातात कसब असले तरी अशा रिमची ना थकवा-चाचणी झालेली असते, ना तिच्या गोलाईची खात्री असते. ट्यूबलेस टायरमध्ये त्या सांध्यातून हवा झिरपण्याचा धोका वेगळाच. हा मार्ग टाळणे श्रेयस्कर.

भारवाहकता हाही तपासण्याचा भाग. टायरवर ११२ असा भारनिर्देशांक असेल तर तो ठरलेल्या दाबावर ११२० किलो पेलतो. १०० असेल तर ८०० किलो आणि ९५ असेल तर ६९० किलो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा नसावा. ‘एलटी’ अशी अक्षरे असलेले, हलक्या मालवाहू वाहनांच्या धर्तीवर बांधलेले टायर जाड व कणखर असतात; मात्र तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना अधिक दाब लागतो. दरवाजाच्या चौकटीवरील कंपनीच्या पत्रकातला दाब त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात निर्णय देताना हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे सर्वांत निर्धोक निवड म्हणजे त्याच गाडीच्या अन्य प्रकारांसाठी उत्पादकाने स्वतः मान्य केलेले पर्यायी माप. थारचे उदाहरण घेता येईल : २०२० मध्ये आलेल्या गाडीच्या वेगवेगळ्या प्रकारांवर २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे देण्यात आली. यांतील पहिल्यासाठी साडेसहा ते आठ इंचांची रिम चालते. चाकांसह मोठे बदल करणाऱ्यांनी ते विमा कंपनीला लेखी कळवणे आवश्यक आहे. अपघातानंतर दाव्याच्या तपासणीत लपवलेला बदल मालकाच्याच अंगाशी येतो.

टायरवर आयएसआय चिन्ह असणे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये बंधनकारक आहे. मोटारींच्या टायरांसाठी आयएस १५६३३ हे भारतीय मानक लागू होते. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित श्रेणीत टाकली. इंचांत मापलेली काही ऑफ-रोड मापे त्यानंतर बाजारात सहज मिळेनाशी झाली आणि जे हाती लागेल ते घेण्याकडे कल वाढला. अशा वेळी टायर कोणत्या वर्षी व आठवड्यात तयार झाला, हे सांगणारा त्याच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला दुर्मिळ मापाचा टायर नव्यासारखा दिसला, तरी त्याचे रबर कडक झालेले असू शकते.

दुकानात पोहोचण्यापूर्वी चार आकडे कागदावर असावेत : सध्याच्या रिमची कोरलेली रुंदी, तिचा ऑफसेट, हव्या असलेल्या टायरच्या मापाला चालणाऱ्या रिमची मर्यादा आणि मूळ टायरचा भारनिर्देशांक. पहिला आकडा तिसऱ्याच्या आत आणि शक्यतो खालच्या अर्ध्यात असेल, तर टायर घ्यावा. तसे नसेल तर रिमसह खर्च मोजावा किंवा टायरचे माप एक पायरी खाली आणावे. विक्रेत्याला तक्ता दाखवण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

राहिले पाचवे चाक. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चार टायर बदलण्याची पद्धत सर्रास आढळते, कारण त्यात एका टायरचे पैसे वाचतात. दोन चाकांवर चालणाऱ्या मोटारीत हे काही अंतर निभावून जाते. चारही चाकांना जोडणारा गिअर टाकलेल्या गाडीत तीन चाके एका व्यासाची आणि चौथे लहान असले, तर पुढच्या व मागच्या धुरांच्या फिरण्यातील फरक सामावण्यास जागा राहत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसच्या दात्यांवर येतो. जिम्नी आणि थार या दोन्ही गाड्यांत स्टेपनी मागील दरवाजावर टांगलेली असते. तेथे मोठे व जड चाक लावल्यावर दरवाजाच्या बिजागऱ्या काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.